एका हातात मावणाऱ्या चार कादंबऱ्या

मार्च महिन्यात माझा उजवा खांदा आखडला. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायामाचा तक्ता दिला आणि जड काही उचलायचे नाही अशी ताकीद दिली. त्या वेळी मी एका आठशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीच्या दोनशे बाराव्या पानावर होते. पोटावर उशी आणि उशीवर तो ग्रंथ ठेवून वाचायचा प्रयत्न चार दिवस केला आणि मग पुस्तक मुकाट्याने कपाटात ठेवून दिले. त्यानंतर वाचनालयातून पुस्तक निवडताना माझी एकच अट राहिली. ते डाव्या हातात धरता आले पाहिजे आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पान उलटता आले पाहिजे. या अटीत बसलेल्या चार कादंबऱ्या गेल्या तीन महिन्यांत वाचून झाल्या. त्यांतल्या दोन मी पूर्वी वाचल्या होत्या, एक वाचल्याचे उगाच सांगत आले होते आणि एक अगदीच नवी होती. चारही एकावर एक ठेवल्या तरी कपाटातल्या त्या ग्रंथाएवढी जाडी होत नाही.

आपल्याकडे कादंबरी म्हटली की ती जाडजूड असावी, अशी एक समजूत आहे. लग्नात, निवृत्तीच्या समारंभात आणि वाढदिवसाला भेट द्यायचे पुस्तक वजनावर निवडले जाते. सव्वाशे-दीडशे पानांचे पुस्तक देणाऱ्याने हात आखडता घेतला, असेही कुणाला वाटत असावे. त्यामुळे चांगल्या छोट्या कादंबऱ्या अभ्यासक्रमाच्या यादीत तेवढ्या उरतात आणि परीक्षा संपली की विस्मरणात जातात. खांद्याचे दुखणे निघाले नसते, तर मीही त्यांच्याकडे वळले नसते, हे कबूल करायला हवे.

पहिली हाती आली ती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. पुस्तक १९५५ सालचे आहे आणि काळ संस्थानी राजवटीचा आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका लहानशा वाडीवर शाळामास्तर म्हणून नेमला गेलेला एक कोवळा तरुण ही गोष्ट सांगतो. मेंढरांमागे जाणारी मुले शाळेत येत नाहीत, वाडीचा म्हातारा कारभारी मास्तरला हळूहळू आपला म्हणतो, मास्तर लोकांचे अर्ज लिहितो, निरोप पोचवतो, सगळ्या गावाकडून एक तालीम बांधून घेतो आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा केवढा प्रसार केला होता हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एवढ्याशा वाडीवर तालीम का आणि तिच्यासाठी राजा का, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माडगूळकर स्वतः माडगूळचे, म्हणजे त्याच संस्थानाच्या आटपाडी भागातले. तिथली जमीन, पाऊस आणि माणसे त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नव्हती.

मला मिळालेली प्रत कधीकाळी एखाद्या विद्यार्थ्याची असावी, कारण समासात पेन्सिलीने ‘निसर्गवर्णन’, ‘स्वभावचित्रण’, ‘महत्त्वाचे’ असे शेरे मारलेले होते. शेकूच्या प्रसंगापाशी मात्र समास कोरा होता. पेरणी तोंडावर आलेली असते, शेकूकडे एकच बैल असतो आणि दुसरा कुठून मिळत नाही, तेव्हा जुवाच्या रिकाम्या बाजूला त्याची बायको उभी राहते. एवढा प्रसंग हाती आल्यावर दुसऱ्या एखाद्या लेखकाने त्यावर दोन पाने करुणरस ओतला असता. माडगूळकर मास्तरला जेवढे दिसते तेवढेच सांगतात आणि पुढे जातात. त्या कोऱ्या समासाकडे पाहताना मला वाटले, की इथे कोणता शेरा मारावा हे त्या विद्यार्थ्यालाही सुचले नसावे.

पुस्तक वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि पुढच्या तिन्ही पुस्तकांना मी तीच फूटपट्टी लावली. मास्तरला वाडी अर्धीच दिसते. तो बाहेरचा आहे, वयाने लहान आहे आणि त्याच्या चांगुलपणाला जगाचा अनुभव नाही. कारभाऱ्याच्या मुलीसाठी, अंजीसाठी तो निर्मळ मनाने चोळीचा व्यवहार करतो आणि कारभाऱ्याच्या मनात त्यावरून काय उभे राहते, हे त्याला फार उशिरा कळते. वाचकाला ते आधीच कळलेले असते. सांगणाऱ्याला जे दिसत नाही ते वाचकाला दिसावे, या एका युक्तीमुळे कितीतरी पानांची बचत झाली आहे. सर्व काही जाणणारा निवेदक घेतला असता, तर वाडीतल्या प्रत्येकाच्या मनात शिरावे लागले असते आणि पुस्तक सहज चारशे पानांचे झाले असते. अखेरीला पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात, माणसे बिऱ्हाडे उचलून निघून जातात आणि मास्तर मागे उरतो. त्या पानांवर आवाज कुठेही चढत नाही.

तक्रारच करायची तर एवढी, की वाडीतल्या बायका मास्तरला जेवढ्या ओझरत्या दिसतात तेवढ्याच आपल्यालाही दिसतात. हा निवेदनाचाच परिणाम आहे, हे कळते. तरीही शेकूच्या बायकोशी कुणीतरी दोन वाक्ये बोलायला हवी होती, ही हुरहूर जात नाही. अमोल पालेकरांचा याच नावाचा १९९५ सालचा चित्रपट पाहिलेल्यांनी पुस्तक आता कशाला वाचायचे, असे म्हणू नये. जरूर वाचावे, कारण मास्तरच्या बोलण्याची लय फक्त पुस्तकातच आहे.

ही हुरहूर ‘पाचोळा’ने भरून काढली. चारांतली ही मला सर्वांत जास्त आवडली, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहिते. रा. रं. बोराडे यांची ही कादंबरी १९७१ साली आली. बोराडे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले तेव्हा आलेल्या बहुतेक लेखांत या पुस्तकाचा उल्लेख होता, आणि मी ते वाचल्याचे बरीच वर्षे खोटेच सांगत आले होते, याची मला त्या वेळी लाज वाटली होती. गोष्ट गंगाराम शिंप्याच्या घराची आहे. गावात त्याचे एकच यंत्र, त्याचाच शब्द आणि त्याचाच ताठा. मग गावात दुसरा शिंपी येतो. मुलाला शिक्षणाची ओढ असते आणि बापाला पिढीजात धंद्याची. या दोन पेचांतून एक घर कसे विस्कटत जाते, ते गंगारामची बायको पारबती आपल्याला मराठवाडी बोलीत सांगते.

मी नाशिकची असल्यामुळे पहिली वीस पाने अडखळत वाचली. वाक्य कळे, पण कानाला ऐकू येत नसे. माझ्या सासूबाई लातूरकडच्या आहेत आणि त्या दिवसांत त्या आमच्याकडेच होत्या. माझी अडचण पाहून त्यांनी पुस्तक हातातून घेतले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मग जवळजवळ आठ दिवस रोज रात्री जेवणानंतर तासभर असे वाचन झाले. जिथे मी गंभीर चेहरा करून बसले होते, तिथे त्या खुदकन हसत. जिथे मला काही विशेष वाटले नव्हते, तिथे त्या थांबत आणि पुस्तक मांडीवर ठेवून त्यांच्या लहानपणी दिवाळीच्या आधी शिंपी घरी येऊन ओसरीवर यंत्र मांडून घरादाराचे कपडे कसे शिवत असे आणि त्याला रोखीऐवजी ज्वारी कशी मापून देत, ते सांगत. त्या ज्वारीच्या मापात गंगारामचा ताठा आणि त्याची लाचारी दोन्ही आहेत, हे त्यांच्या बोलण्यातून मला उमगले. धान्यावर शिवणाऱ्या माणसाला गावाने दुसरा शिंपी आणून बसवणे म्हणजे गिऱ्हाईक कमी होण्याच्या पलीकडचे काहीतरी असते.

एकदा मी म्हणाले, “आई, ही पारबती नवऱ्याचे फारच ऐकून घेते.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, ती नवऱ्याच्या बाजूनं बोलायली, पण तिला सगळं दिसायलंय.” कादंबरीच्या कारागिरीबद्दल याहून नेमके मला कुठे वाचायला मिळालेले नाही. पारबती घरातून बोलते. चावडीवर काय ठरले, नव्या शिंप्याच्या दुकानात कोण बसते, नवरा बाहेर कुणाशी काय बोलून आला, हे सारे तिच्यापर्यंत कुणाच्या तरी तोंडून, अर्धवट आणि उशिरा पोचते. त्या तुकड्यांवरून ती अंदाज बांधते आणि त्या अंदाजांत तिची भीती मिसळलेली असते. गावाचे राजकारण थेट न दाखवता त्याचा धाक घरात कसा शिरतो, हे दाखवायला याहून सोयीची जागा सापडली नसती. तिला निर्णय घेता येत नाहीत आणि निर्णयांचे परिणाम मात्र तिच्याच चुलीपर्यंत येतात.

बोलीची धास्ती वाटणाऱ्यांना सांगते, की शब्द अडला तर थांबू नये. दोन ओळी पुढे गेले की अर्थ आपोआप उलगडतो. मराठवाड्यातले कुणी घरात किंवा शेजारी असेल, तर त्यांना वाचायला लावावे. एक इशारा मात्र आवश्यक आहे. या पुस्तकात उसंत नाही. एक आघात पचतो न पचतो तोच दुसरा येतो आणि मध्यंतरात एखादा बरा दिवस आणून वाचकाला सैल सोडावे, एवढी दया बोराडे दाखवत नाहीत. शेवट झाल्यावर सासूबाईंनी पुस्तक मिटले आणि त्या दिवशी दूरदर्शनवरच्या बातम्या न लावताच झोपायला गेल्या.

तिसरी कादंबरी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. ही १९३९ सालची, म्हणजे ज्या वर्षी युरोपात महायुद्ध पेटले त्याच वर्षाची. बेडेकर ओळखले जातात ते चित्रपट, ‘टिळक आणि आगरकर’सारखी नाटके आणि साहित्य अकादमी मिळालेले ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र यांमुळे. कादंबरी त्यांनी ही एवढीच लिहिली. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू तरुणी यांची गाठ पडते. चक्रधर मुंबईला उतरणार आहे आणि हॅर्टाला पुढे चीनकडे जायचे आहे. त्या काळी जर्मन ज्यूंना बहुतेक देशांनी दारे लावून घेतली होती आणि व्हिसा नसताना उतरू देणारे शांघायसारखे बंदर विरळा होते, हे मनात ठेवून वाचले तर बोटीवरच्या हास्यविनोदाखालची घरघर ऐकू येते.

कॉलेजात असताना मी ही प्रेमकथा म्हणून वाचली होती आणि रडले होते. आता पंचवीस वर्षांनी वाचताना चक्रधरचा मला वारंवार राग आला. एका मुलीने, उमाने, आपल्याला दुखावले म्हणून सगळ्या स्त्रीजातीविषयी तो जी कडवट विधाने करत सुटतो, ती आज वाचवत नाहीत. पण ही कादंबरी चक्रधरच्या शहाणपणावर उभी नाही. ती उभी आहे त्याला न दिसणाऱ्या गोष्टींवर. तो स्वतः पारतंत्र्यातल्या देशाचा नागरिक आहे, तरी त्याच्या नावाचे एक बंदर आहे जिथे तो बिनदिक्कत उतरू शकतो. हॅर्टापाशी तेवढेही नाही. प्रेम करताना दोघे बरोबरीचे भासतात आणि किनारा जवळ येताच ती बरोबरी संपते. बोट पुढे निघून गेल्यावर हॅर्टाची पत्रे येतात, तेव्हा प्रथमच गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तिच्या शब्दांत आपल्यासमोर उलगडतो आणि चक्रधरने आतापर्यंत जे सांगितले ते किती थोडे होते, हे लक्षात येते. पुढचे सांगत नाही.

भाषेविषयी मात्र सांगायलाच हवे. बेडेकरांची वाक्ये तुटक आणि लहान आहेत, आणि त्यांत १९३९ सालच्या मराठी कादंबरीत अपेक्षित असलेला फुलोरा जवळपास नाही. संवाद तर असे आहेत, की कुणी काल लिहिले म्हणून सांगितले तरी खपून जावेत. माझ्या भाच्याला, जो मराठी पुस्तक म्हटले की कपाळाला आठ्या घालतो, मी हेच पुस्तक दिले आणि त्याने ते एका रविवारात संपवले. त्याने अभिप्राय म्हणून फक्त एक अंगठ्याचे चित्र पाठवले. त्याच्याकडून मी तेवढीच अपेक्षा ठेवली होती.

चौथी, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’, सध्या माझ्या उशाशी आहे आणि दुसऱ्यांदा वाचून होत आली आहे. हे पुस्तक २००६ सालचे, लेखकाने अगदी तरुण वयात लिहिलेले. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय जोशी कुटुंबात पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहायला येतो. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा ही दोन्ही भावंडे त्याच्या प्रेमात पडतात आणि दोघांनाही एकमेकांचे ठाऊक नसते. पुस्तकाचा अर्धा भाग तनय त्या निघून गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणून उद्देशून सांगतो आणि उरलेला अर्धा भाग अनुजाची रोजनिशी आहे. माझ्या फूटपट्टीला इतके चपखल बसणारे पुस्तक योगायोगानेच हाती आले, कारण इथे दोन निवेदक अक्षरशः अर्धे अर्धे सांगतात आणि ते दोन अर्धे जोडण्याचे काम आपल्यावर सोडतात. तनयच्या भागात सहज येऊन गेलेली एखादी वस्तू किंवा एखादी संध्याकाळ अनुजाच्या भागात पुन्हा येते आणि आता तिचा अर्थ पालटलेला असतो. म्हणूनच हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचावे लागते. लहान असल्यामुळे ते परवडतेही.

मुलगा मुलाच्या प्रेमात पडतो, हे सांगताना कुंडलकर कुठेही वकिली करत नाहीत, की धक्का देण्याचा आव आणत नाहीत. तनयचे दुःख हे मागे सोडल्या गेलेल्या माणसाचे दुःख आहे आणि ते मोकळेपणाने बोलता येत नाही, हा त्यावरचा जादा भार आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना अनुजाचे पळून जाणे दिसते, त्यावर बैठका होतात, रडारड होते; तनयकडे मात्र कुणाचेच लक्ष जात नाही. एकाच घरात एका मुलाचा शोक जाहीर आणि दुसऱ्याचा अदृश्य, ही मांडणी मला फार भिडली. दोष दाखवायचा तर तो पाहुण्याचाच. देखणा, कलावंत, मुक्त, कशातच न अडकणारा असा हा माणूस इतका सर्वगुणसंपन्न आहे, की त्याला कधी सर्दी झाली असेल असे वाटत नाही. दोन प्रेमिकांच्या नजरेतून तो दिसतो म्हणून तसा आहे, हे उत्तर मी स्वतःलाच दिले आणि ते मला पुरतेपणी पटले नाही. लेखकाने स्वतःच केलेला चित्रपट २०२२ साली नेटफ्लिक्सवर आला. तो पाहण्याआधी पुस्तक वाचावे, कारण तिथे ही अर्ध्या-अर्ध्याची रचना पडद्याच्या सोयीने बदललेली आहे.

कुणी मला विचारले, की यांतले आधी कोणते घ्यावे, तर मी घर पाहून सांगते. मोठ्याने वाचायची सवय असलेल्या घरी ‘पाचोळा’ द्यावे. मराठी वाचन सुटलेल्या मुलांना ‘रणांगण’ किंवा ‘कोबाल्ट ब्लू’ द्यावे, पण ‘रणांगण’ देताना चक्रधरच्या स्त्रियांविषयीच्या मतांवर वाद घालायची तयारी ठेवावी. बदलीवर आडगावी गेलेल्या शिक्षकाला, तलाठ्याला किंवा ग्रामसेवकाला ‘बनगरवाडी’ भेट द्यावी. माझ्या धाकट्या दिराला मी ती दिली आहे आणि तो ती अजून परत करायला तयार नाही. विकत घेताना पदपथावरच्या स्वस्त, नकली छपाईच्या प्रतींपासून सांभाळावे. एका प्रसिद्ध कादंबरीची तशी प्रत मी मागे घेतली होती, तर तिच्यात एक फर्मा, म्हणजे सोळा पानांचा गठ्ठा, दोनदा बांधलेला होता आणि त्यापुढचा फर्मा मुळात नव्हताच. सोळा पानांपूर्वी जिवंत असलेला माणूस एकदम तेराव्याच्या जेवणावळीत भेटला. तो कशाने गेला, हे कळायला मला वाचनालयातून दुसरी प्रत आणावी लागली.

खांदा आता बराच सैल झाला आहे आणि हात डोक्याच्या वरपर्यंत जातो. कपाटातला तो आठशे पानांचा ग्रंथ खुणेच्या फितीसह दोनशे बाराव्या पानावर माझी वाट पाहत आहे, पण त्याआधी कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’साठी मी वाचनालयात नाव नोंदवले आहे. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणात गाव गेल्यावर मागे राहिलेल्या म्हशीची आणि तिच्या शोधात परत जाणाऱ्या देवाप्पाची आहे, एवढे ऐकून आहे. ग्रंथपालबाईंनी ती फळीवरून काढून दाखवली, तेव्हा ती माझ्याआधी नाव नोंदवलेल्या गृहस्थांसाठी ठेवलेली होती. मी ती डाव्या हातात धरून पाहिली. अंगठ्याने पान उलटता येते.